पानगळीच्या वाटेवर

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात आम्ही उभयता अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात मुलीकडे होतो. "बाबा, मिस्सा आटोपली की डोंगरातले रंग पाहायला जाऊ," असे ती म्हणाली आणि त्या रविवारी दुपारी आमची गाडी शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात शिरली.

ब्लू रिज पर्वताच्या माथ्यावरून जाणारा तेथील 'स्कायलाइन ड्राइव्ह' हा रस्ता १०५ मैल लांबीचा आहे. ताशी ३५ मैलांहून अधिक वेगाने गाडी हाकण्यास तेथे मनाई आहे. एका बाजूस शेनान्डोआ नदीचे खोरे, दुसऱ्या बाजूस सखल प्रदेश आणि दोहोंमध्ये ओक, हिकरी व मॅपल यांनी मांडलेला रंगोत्सव! दिवस लहान होऊ लागले, की पानांतील हरितद्रव्य ओसरते आणि उन्हाळाभर त्याखाली दडलेला पिवळा रंग प्रकट होतो. तांबडा रंग मात्र काही झाडांची पाने गळण्यापूर्वी नव्याने तयार करतात. निरोपाच्या घटकेसही सृष्टीकर्त्याने केवढी शोभा दिली आहे, असे मनात आले.

वाटेत 'बिग मेडोज' येथील माहितीकेंद्रात थांबलो. तेथील चित्रे पाहताना कळले, की हे रान पूर्वी निर्जन नव्हते. येथे घरे होती, मक्याची शेते होती, सफरचंदाच्या बागा होत्या. उद्यानासाठी राज्याने १९२८ साली कायदा केला व जमिनी सक्तीने घेतल्या. १९३५ साली उद्यान स्थापन झाले. पुढल्या वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. शेकडो कुटुंबांना डोंगर उतरावा लागला. मालकांना मोबदला मिळाला. परक्याच्या जमिनीवर राबणाऱ्यांच्या वाट्याला तोही आला नाही. मोजक्या वृद्धांना तेवढे अखेरपर्यंत राहू दिले. त्यांतील शेवटची वृद्धा १९७९ साली वारली.

पुढे एका पायवाटेने आत गेलो, तो झाडीत लहानशी दफनभूमी दिसली. कित्येक कबरींवर नाव नव्हते, नुसता ओबडधोबड दगड उभा होता. तरीही कोणीतरी तेथील गवत कापले होते. या कुटुंबांचे वंशज आजही येऊन कबरींची निगा राखतात, असे मुलीने सांगितले.

मी मान खाली घातली. वसईतील आमची वडिलोपार्जित वाडी १९९४ साली मी विकली. केळी होती, सुपारी होती, वडिलांनी उन्हाळ्यात स्वतः उपसलेले बावखल होते. माझ्यावर कोणत्याही कायद्याची सक्ती नव्हती. मुलीच्या शिक्षणासाठी विकली, असे मी सांगत आलो. ते खरे आहे. पण भावही चांगला आला होता, हेही तितकेच खरे आहे. आज तेथे चार मजली इमारत आहे. या डोंगरी लोकांकडून भूमी हिरावली गेली, तरी त्यांची मुले गवत कापावयास येतात. मी तर घरापासून हाकेच्या अंतरावर असूनही त्या गल्लीतून जाणे टाळीत होतो.

परतताना गाडीत आम्ही जपमाळ म्हटली. शेवटचे रहस्य मी त्या निनावी दगडांसाठी अर्पण केले.

गावी आल्यावर दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, वडिलांच्या कबरीवर मेणबत्ती लावली आणि घरी येताना मुद्दाम त्या गल्लीची वाट धरली. इमारतीच्या कुंपणालगत आमची एक सुपारी अजून उभी आहे.