टोचत नाही, म्हणून?

कॉन्टॅक्ट लेन्स विकली जाते ती 'डोळ्यात आहे हे जाणवतसुद्धा नाही' या आश्वासनावर. मीही त्याच आश्वासनापायी लेन्सकडे वळले, अजून वापरते, आणि चष्म्याकडे परतायचा माझा विचार नाही. पण वापर मुरत गेला तसं माझं एक मत पक्कं होत गेलं. लेन्स आपल्या डोळ्याला मानवते आहे का, हे ठरवताना 'मला काहीच त्रास नाही' हा सर्वांत कच्चा पुरावा आहे. दुकानात ट्रायल लेन्स घालून आरशासमोर उभं राहिलं की आपण नेमका तोच पुरावा देतो, आणि घाईतला दुकानदार तो आनंदाने स्वीकारतो. खरं तर सॉफ्ट लेन्स पापणी मिटताना किंचित हलायला हवी, म्हणजे तिच्याखालचे अश्रू बदलत राहतात. जी घट्ट बसते ती हलत नाही, आणि हलत नाही म्हणून सुरुवातीला तीच जास्त सुखाची वाटते. डोळा लाल होणं, पांढऱ्या भागावर कडेचा वळ उमटणं हे नंतरचं. म्हणून लेन्स पंधरा-वीस मिनिटं डोळ्यात स्थिरावू देऊन मग स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, तिची हालचाल बघायची असते. 'चष्म्याचा नंबर आहे ना, तोच द्या' हे म्हणणंही तितकंच भाबडं. चष्म्याची काच डोळ्यापासून बारा-एक मिलिमीटर दूर असते, लेन्स थेट डोळ्यावर. त्यामुळे उणे 6 चा चष्मा लेन्समध्ये साधारण उणे 5.5 च्या आसपास येतो. शिवाय कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, बाक आणि व्यास चष्म्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलेच नसतात.

या सुखाचा इतिहास बोलका आहे. 1961 च्या नाताळात ओटो विख्टरले या झेक रसायनशास्त्रज्ञाने मुलांच्या 'मेर्कुर' खेळण्याचे सुटे भाग जोडून घरच्या घरी यंत्र केलं आणि त्यावर मऊ, पाणी धरणाऱ्या लेन्स तयार केल्या. त्याआधीच्या लेन्स काचेच्या किंवा कडक प्लॅस्टिकच्या, सोसून घालायच्या. अमेरिकेत 1971 मध्ये सॉफ्ट लेन्सला मान्यता मिळाली आणि 1981 मध्ये तर ती सलग तीस दिवस, झोपेतसुद्धा, घालायची परवानगी मिळाली. टोचतच नाही, तर काढायची कशाला? उत्तर 1989 मध्ये आकड्यांत आलं. फक्त दिवसा लेन्स घालणाऱ्यांत वर्षाला दर दहा हजारांमागे सुमारे 4 जणांना कॉर्नियाचा अल्सर होत होता. रात्रीही ठेवणाऱ्यांत सुमारे 21 जणांना. परवानगी तीस दिवसांवरून सातवर आली.

दोष ऑक्सिजनच्या तुटवड्याला दिला गेला, आणि ते पटण्यासारखंही होतं. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, उघड्या डोळ्याने तो हवेतूनच श्वास घेतो. पापणी मिटली की पुरवठा जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येतो, त्यात वर लेन्स. मग 1990 च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन हायड्रोजेल आलं, कैक पटींनी जास्त ऑक्सिजन जाऊ देणारं. प्रश्न सुटला असं सगळ्यांनाच वाटलं. पण 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या पाहणीत रात्री लेन्स ठेवणाऱ्यांमधला संसर्ग जुन्या सॉफ्ट लेन्समध्ये दहा हजारांमागे 19.5 होता आणि नव्या सिलिकॉनच्या लेन्समध्ये 25.4. म्हणजे कमी झालाच नव्हता. सॉफ्ट लेन्स फक्त दिवसा घालणाऱ्यांत तो 1.9 होता. आणि सर्वांत कमी, 1.2, कोणत्या लेन्समध्ये? ज्या कडक लेन्सला लोक 'टोचते' म्हणून नाकं मुरडतात, तिच्यात. सुख आणि सुरक्षितता यांचं नातं इतकं सैल आहे.

यावर कोणी म्हणेल, दहा हजारांत वीस म्हणजे किती? आणि काही बिनसलंच तर डोळा दुखेल, तेव्हा काढू. पहिला मुद्दा मी मानते, धोका लहानच आहे. पण तो दरवर्षीचा आहे, आणि लेन्स विशीपासून पन्नाशीपर्यंत घातली जाते. शिवाय रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये डबी काढायचा कंटाळा एवढ्या किरकोळ कारणासाठी तो दहापट करून घ्यायचा का? कॉर्नियाच्या मध्यावर फूल पडलं तर ते चष्म्याने जात नाही. दुसरा मुद्दा मात्र मला मान्यच नाही. लेन्सच्या दीर्घ वापराने कॉर्नियाची संवेदना बोथट होते. इतकंच काय, कॉर्निया खरचटला तर डॉक्टर स्वतःच वेदना कमी व्हावी म्हणून वर सॉफ्ट लेन्स पट्टीसारखी बसवतात. जी वस्तू दुखणं झाकायला वापरतात, तिच्याच खाली दुखण्याची वाट बघत बसायची! कडेने कॉर्नियात शिरणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या तर दुखतच नाहीत. आणि स्यूडोमोनास जातीचा जीवाणू एक-दोन दिवसांत कॉर्निया पोखरू शकतो.

रोज फेकायच्या लेन्सचं काय, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. डबी नाही, सोल्यूशन नाही, त्यामुळे मलाही त्याच बऱ्या वाटतात. पण त्याच पाहणीत त्यांचा आकडा 2.0 होता, म्हणजे साध्या सॉफ्ट लेन्सइतकाच; फरक पडला तो संसर्गाच्या तीव्रतेत. सोल्यूशनची कथाही सुखाचीच. ओलावा टिकवणारा घटक घातलेलं 'रेन्यू विथ मॉइश्चरलॉक' 2006 मध्ये फ्युझेरियम बुरशीच्या साथीनंतर जगभरातून मागे घ्यावं लागलं. लेन्स सोल्यूशनमध्ये बोटाने चोळून धुणं, डबीतलं जुनं सोल्यूशन ओतून टाकणं, तीन महिन्यांनी डबीच बदलणं यात सुखाचं काही नाही, म्हणून तेच आधी सुटतं.

पाण्याबद्दल तर आपली समजूत फारच घट्ट आहे: पितो ते पाणी डोळ्याला का चालू नये? कारण सोसायटीच्या टाकीत, पोहण्याच्या तलावात, पावसाळ्यातल्या धबधब्यात अकांथअमीबा असू शकतो. पोटाला त्याचं काही नाही. लेन्सखाली अडकला तर तो कॉर्नियात शिरतो, कवच करून बसतो आणि महिनोन्‌महिने थेंब घालावे लागतात. सुरुवातीला त्याची लक्षणं हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या संसर्गासारखी दिसतात. म्हणून लाल डोळा घेऊन औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणणं सर्वांत वाईट: लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत अमीबा किंवा बुरशी मोकळी सुटते. अशा वेळी लेन्स काढायची, पण फेकायची नाही. डबीसकट ती डॉक्टरांकडे न्यायची, कारण कॉर्नियातून नमुना खरवडण्याबरोबर डबीतलं सोल्यूशनही प्रयोगशाळेत तपासता येतं.