आत्ता कुठे बसलात?

व्हिडिओ कॉल लागला की माझे पहिले प्रश्न ठरलेले असतात. आत्ता कुठे बसलात? आसपास कोणी आहे का? कॉल मध्येच तुटला आणि मला काळजी वाटली, तर घरातल्या कोणाला फोन करू? नवीन माणूस या चौकशीने थोडा बावचळतो. पण समोरचा माणूस बोरिवलीत आहे की बाथरूममध्ये कडी लावून बसलाय, हे कळल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

मुलुंड पूर्वेला माझी समुपदेशनाची छोटी खोली आहे. नकाशात मुलुंड आणि बोरिवली शेजारी दिसतात, पण मध्ये राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आडवं पडलंय. लोकलने यायचं तर दादरला गाडी बदला, रस्त्याने यायचं तर घोडबंदरचा वळसा. नैराश्याने अंथरुणातून उठवत नाही अशा माणसाला आठवड्याला हा प्रवास सांगणं म्हणजे उपचार बंद करायला सांगण्यासारखंच. २०२० साली टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्चला, केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. ती डॉक्टरांसाठी होती, पण आम्ही मानसतज्ज्ञही त्याच सुमारास स्क्रीनसमोर बसायला लागलो. साथ ओसरली, तरी पश्चिम उपनगरातले माझे बरेचसे लोक स्क्रीनवरच राहिले.

मला वाटलं होतं, अडचण नेटवर्कची येईल. ती आली जागेची. वन रूम किचनमध्ये पाच माणसं, त्यात नवऱ्याबद्दल किंवा सासूबद्दल बोलायचं कुठे? लोकांनी जागा शोधल्या. कोणी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसतं, कोणी पार्किंगमधल्या गाडीत काचा वर करून. अंधेरीची एक तरुणी ऑफिस सुटल्यावर जिन्यात बसून बोलायची, वर-खाली जाणारी पावलं आली की आम्ही दोघी गप्प. (ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत.) घाटकोपरच्या भटवाडीतल्या एका बाईंशी आम्ही एक खूण ठरवली होती. खोलीत कोणी आलं की त्या सहज आवाजात म्हणायच्या, ‘‘हो ताई, गॅसचा नंबर लावायचाय ना?’’ मग मी फक्त हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारायचे, किंवा आम्ही टायपिंगवर यायचो. शेजारी सासूबाई भाजी निवडताहेत आणि बाई मोबाइलवर मला त्याच सासूबाईंबद्दल लिहिताहेत, असं कितीदा झालं. लेखी समुपदेशन दुय्यम मानणारे सहकारी आहेत. माझं तसं मत नाही. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा २०१२ पासून सुरू आहे, आणि तीही फोनच्या जोडीला ईमेल आणि चॅटवरून समुपदेशन करते.

स्क्रीनवर काय हरवतं, तर कंबरेखालचा माणूस. चेहरा शांत आणि पाय सारखा हलतोय, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. दारूचा वास येत नाही. पण एका बाबतीत स्क्रीन माझ्या खोलीपेक्षा सरस ठरली.

बोरिवलीच्या एका मुलाला हात धुण्याचं ओसीडी होतं. यावरच्या उपचारात माणसाने ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा आणि न धुता थांबायचं, भीती आपोआप उतरेपर्यंत. माझ्या खोलीत तो हे सहज करायचा, कारण तिथला नळ त्याचा नव्हता आणि तिथल्या अस्वच्छतेची जबाबदारीही त्याची नव्हती. घरी गेला की पुन्हा तेच. मग एका संध्याकाळी, पाणी येण्याच्या वेळेला, त्याने मोबाइल साबणाच्या फळीवर टेकवून ठेवला. मला दिसत होता नळ, निळी बादली आणि त्याचे दोन हात. त्याने संडासाच्या कडीला बोट लावलं. ‘‘भीती शंभरपैकी किती?’’ ‘‘ऐंशी.’’ नळ बंद. बाहेरून आईने विचारलं, पाणी भरू का रे. तो म्हणाला, थांब. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. ‘‘आता?’’ ‘‘सत्तर असेल.’’ मग साठ, मग पन्नास. त्याच्या घरचा तोच नळ समोर होता, म्हणून हे जमलं.

त्याच मुलाने मला यंत्राची दुसरी बाजूही दाखवली. तो एआय चॅटबॉटला रोज विचारायचा: कडीला हात लागला तर आजार होतो का? उत्तर यायचं, शक्यता फार कमी, काळजी करू नका. दोन मिनिटं बरं वाटायचं, मग शब्द फिरवून पुन्हा तोच प्रश्न. आई निदान कंटाळून म्हणायची, किती वेळा विचारशील? चॅटबॉट कधीच कंटाळत नाही. ओसीडीत वारंवार धीर मागणं हा आजाराचाच भाग असतो, आणि हे यंत्र तो भाग मायेने पोसत होतं. तो चॅटबॉट बंद करणं हाही उपचारातला एक धडा झाला.

प्रश्नावल्यांबाबतही मी सावध आहे. नैराश्य मोजणारी ‘पीएचक्यू-९’ मोबाइलवर भरून घेणं सोयीचं असतं, नऊ प्रश्न आणि २७ पैकी गुण. पण नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. रात्री दीड वाजता कोणी तिथे ‘जवळजवळ रोज’वर बोट ठेवलं आणि मी झोपलेली असले, तर त्या फॉर्मचा उपयोग काय? म्हणून तो मी सत्र सुरू झाल्यावरच, समोर भरून घेते. औषधं आम्ही लिहीत नाही, ती मनोविकारतज्ज्ञांची. त्यांनाही शेड्यूल एक्समधली, म्हणजे कडक नियंत्रणाखालची, औषधं फोनवरून देता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

माझ्या वेळेबाहेरसाठी सगळ्यांना मी एक नंबर देऊन ठेवते: १४४१६. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. आणि घरातलं कोणी हेडफोन लावून दार लोटून घेत असेल, तर पाऊण तास त्या दाराशी जाऊ नका, नंतर काय बोललीस म्हणून विचारूही नका.