दिवस भरत आल्यावर

पहिलटकरणीला नववा लागला की तिच्याशी बोलायचा हक्क साऱ्या गावाला मिळतो. भाजीवाल्या मावशी पोटाकडे बघून "आता थोडंच राहिलं" म्हणतात. रिक्षावाला खड्डा चुकवला की मागे वळून खात्री करून घेतो. जिच्याशी आजवर नुसत्या हसण्याची ओळख होती ती समोरच्या घरातली काकू फाटकाशी थांबवून विचारते, "पाणी कमी-बिमी नाही ना सांगितलं?" एरवी हा आगाऊपणा वाटला असता. आता तो गोड मानून घ्यायचा. मी सध्या साताऱ्याला माहेरी आहे, श्रावण चालू आहे, आणि दिवसभर माझ्याकडे उत्तरं देण्यापलीकडे फारसं काम नाही.

मुलगा की मुलगी हे सांगणाऱ्यांची तर रांगच आहे. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर गर्भलिंग तपासणी इथे होत नाही, तो गुन्हा आहे, असा फलक असतो. असा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला. केंद्राचा १९९४मध्ये आला. त्याच फलकाखाली बसून शेजारच्या अनोळखी बाईंनी मला "पोट टोकाला आलंय, मुलगाच" असा निकाल दिला. डॉक्टरांना जे बोलायची बंदी आहे ते बोलताना काकू-मावश्यांना कुठलंच कलम आडवं येत नाही.

तारखेचं प्रकरण त्याहून गमतीचं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, ही रीत एकोणिसाव्या शतकातल्या नेगेल नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावानं चालत आली आहे. झाले २८० दिवस. हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल असा; पण नेमक्या त्या दिवशी जन्मणारी मुलं शेकड्यात जेमतेम चार-पाच. तरी ती तारीख फाइलवर ठसठशीत लिहिलेली असते आणि दोन्ही घरं तिच्या तालावर नाचतात. माझी तारीख गणपतीच्या आगेमागे येते. त्यामुळे सासूबाई रोज फोन करतात आणि "तब्येत कशी आहे" यानंतर थोडं थांबून "डॉक्टर काय म्हणतात, आधी की नंतर?" असं विचारतात. आधी झालं तर दहा दिवस सोयर, मग घरचा गणपती कोणी बसवायचा हा प्रश्न आहे. "अहो आई, मी बाळाला विचारून सांगते," असं मी म्हटलं तेव्हा त्या खळखळून हसल्या, पण दुसऱ्या दिवशी फोन आलाच. आजी तारीख मानतच नाही. "गौरी जेवून जातील तोवर होशील मोकळी," एवढंच तिचं म्हणणं, आणि मला तिचं जास्त पटतं, कारण तिनं दिवस न देता हंगाम दिला आहे.

शरीराचं गणित मात्र अचंबित करणारं. एरवी ६०-७० ग्रॅमचं असणारं गर्भाशय या दिवसांत एकट्यानं किलोभराचं होतं. अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट झालेलं असतं. बाळाच्या कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात. वाट अरुंद असते म्हणून ती एकमेकांवर सरकतात. पुढे जी टाळू आपण तेलानं भरतो ती त्या न जुळलेल्या हाडांमधली फट. बाळ खाली सरकलं की श्वास मोकळा होतो आणि रात्रीची झोप बाथरूमच्या फेऱ्यांत जाते. वर दिलं ते खालून वसूल. मध्येच पोट दगडासारखं घट्ट होतं आणि आपोआप सैल पडतं. या सरावाच्या कळा. १८७२ साली जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी त्यांचं वर्णन केलं आणि तेव्हापासून जगभर त्या त्यांच्या नावानं ओळखल्या जातात. कळा बायकांच्या, नाव डॉक्टरसाहेबांचं. त्यांच्या आधी काही हजार वर्षं बायकांना त्या येतच होत्या, त्या एकमेकींना सांगतही असणार; पण ते लिहून ठेवलं कोणी?

जेवण झालं की मी डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजते. दोन तासांत दहा वेळा हललं पाहिजे, आणि नेहमीपेक्षा कमी वाटलं तर सकाळची वाट न बघता निघून या, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. बहुतेकदा आमटी-भात पोटात गेला की अर्ध्या तासातच दहा होतात. बरगडीखाली टाच रुतते, हातानं हळूच दाबली तर आत ओढून घेतली जाते. दोघांचंही तोंड न पाहता चाललेली ही आमची पहिली मस्करी.

घरात तयारी म्हणजे मुख्यतः कापड. सातव्यात डोहाळजेवण झालं तेव्हा हिरवी साडी, फुलांचे दागिने, वाटीखाली पेढा की बर्फी, सगळं झालं. पण ती हौस होती. खरं काम आता आहे. आजीच्या दोन जुन्या सुती नऊवारी आईनं फाडल्या. नव्या कापडात असं मऊपण मिळत नाही. ते धुऊन धुऊनच येतं. काठ बाजूला काढले, मधल्या पन्ह्याची दुपटी केली, एका दुपट्यात आतून आणखी एक थर घालून कडेनं धावदोरा टाकला. पोटावर दुपटं ठेवून मीही थोडी शिवण घातली. मग सगळं गरम पाण्यातून काढलं, आणि खरी परीक्षा सुरू झाली. साताऱ्याच्या श्रावणात काही वाळत नाही. पंख्याखाली दोन दिवस ठेवूनही कापडाला दमट वास येतो. शेवटी आई इस्त्री घेऊन बसते आणि दुपट्यातून वाफ निघते. पूर्वी शेगडीवर टोपलं पालथं घालून त्यावर कापडं वाळवायचे, बाळंतशेपा-ओव्याची धुरीही त्यातच व्हायची. आता डॉक्टर धूर नको म्हणतात. आईला ते पटतं, आजीला पटत नाही, आणि बाळंतशेपेची पुडी दोघींच्या संमतीनं मुखवासात वर्ग झाली आहे. पाळणा आधी आणायचा नाही, पहिलं अंगडं दुसऱ्या बाळानं वापरलेलंच घालायचं, हे नियम मी मुकाट पाळते. अपशकुनावर माझा विश्वास नाही. पण ज्या काळी घरटी एखादं मूल हाताला लागत नव्हतं त्या काळच्या बायकांनी स्वतःला फार आशा लावून न घेण्याची काढलेली ती युक्ती असावी, असं वाटतं.

आणि या कापडांच्या ढिगाभोवती बसून बायका हकिगती सांगतात. ज्या बायकांनी आजवर मला मसाल्याचं प्रमाण आणि नात्यातल्या भानगडी एवढंच सांगितलं होतं त्या आपापली बाळंतपणं घेऊन येतात. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की या हकिगतींचा घाट एकच आहे. सुरुवातीला पाऊस. मग गाडी मिळेना. पुलावर पाणी. नवरा कुठे होता, पोळ्या कोणी लाटल्या, कोण आत्याबाई नेमक्या त्याच दिवशी रुसल्या. आणि मग, "पहाटे झाला बघ आपला संजू." पावसाचे तपशील आहेत, रुसव्याचे आहेत. कळा सुरू झाल्यापासून मूल हातात येईपर्यंतचे तास मात्र कापून काढल्यासारखे गायब.

आजीची हकिगत भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे कोयनेला भूकंप झाला, आणि मागाहूनही धक्के बसत राहिले, म्हणून थंडीतही लोक घराबाहेर झोपत होते. त्याच दिवसांत माझ्या आत्याचा जन्म. कुठल्या भिंतीला भेग गेली, कोणाची म्हैस दावं तोडून पळाली, हे आजी रंगवून सांगते. एकदा मी मध्येच विचारलं, "पण आजी, तुझं काय? तुला कसं झालं?" तिनं हातातलं दुपटं घडी घालून बाजूला ठेवलं. "पडवीत बाज टाकलेली. सुईण होती, सासूबाई होत्या, दोघी जावा होत्या. मी आढ्याचे वासे मोजत होते. सतरा होते. पुढं घर उतरवलं तेव्हा मी परत मोजले. सतराच." मग ती पुन्हा म्हशीकडे वळली.

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. रात्री माझ्या पायांना तेल लावताना तिनं स्वतःहून सांगितलं. ती दवाखान्यात, आजी बाहेर बाकावर, बाबा औषधांच्या दुकानात. आत ओळखीचं कोणी नाही. ओरडली म्हणून नर्सचं बोलणं खाल्लं. "एक आया होती. माझ्या पायाची बोटं दाबत बसली होती, न सांगता. तिचं नाव विचारायचं राहिलं."

दोघींनी हे का सांगितलं नव्हतं, याची कारणं मला वेगवेगळी दिसतात. आजीला सांगायची गरजच नव्हती. ज्या बायकांना सांगायचं त्या सगळ्या पडवीत हजर होत्या. आणि आईनं सांगितलं नाही, कारण तिथे कोणीच नव्हतं. ज्याला दुसरा साक्षीदार नाही ते माणूस हळूहळू स्वतःच्याही आठवणीतून काढून टाकतं. घरातून दवाखान्यात गेल्यानं जीव वाचले, यात वाद नाही. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचं प्रमाण ३३ होतं, देशात ९७. रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, यांपुढे पडवीतल्या चार मायाळू बायकांचं काही चालत नव्हतं. पण त्या सौद्यात बाईची सोबत दाराबाहेर राहिली.

अशा वेळी मला आनंदीबाई जोशी आठवतात. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधाला विषय घेतला आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. १८८७च्या फेब्रुवारीत, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, त्या पुण्यात वारल्या. बाजेवरून दिसणारं आढं आणि पुस्तकातलं शास्त्र, दोन्ही ठाऊक असलेली ती बाई होती. प्रबंधाचा विषय निवडताना ते दहा दिवस त्यांच्या मनात नसतील, असं मला वाटत नाही.

सोबतीचं आता पुन्हा ऐकू येऊ लागलं आहे. सरकारी दवाखान्यांतही कळांच्या वेळी बाईजवळ तिचं माणूस असू द्यावं असं केंद्र सरकारनं २०१६ साली ठरवलं; सगळीकडे पाळलं जातंच असं नाही. नवऱ्याला माझ्या डॉक्टर आत येऊ देणार आहेत. कळांवर पाठीतून इंजेक्शन देतात, ते हवं असेल तर मागायचं, त्यात कमीपणा नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पुण्याहून शनिवारी येणारा नवरा हे सगळं वहीत लिहून घेतो. "पण मी तिथे करू काय?" त्यानं विचारलं. श्वास कसा घ्यायचा, कळांमधलं अंतर कसं मोजायचं, हे त्यानं पाठ केलं आहे. मी म्हटलं, "पायाची बोटं दाब. आणि काय-काय झालं ते लक्षात ठेव. मला आठवणार नाही ते तू सांगायचंस." त्यानं तेही वहीत लिहिलं.

भीती वाटते का, असं कोणी विचारलं तर मी आता हो म्हणते. विचारणारीचा चेहरा त्यावर जरा सैल होतो आणि तिच्या हकिगतीतला कापलेला तुकडा कधीकधी बाहेर येतो. शेजारच्या वहिनींना चौथा आहे. एक दिवस त्या मला विचारायला येतील, आणि तेव्हा माझ्याकडेही सांगण्यासारखं काही असेल. पाऊस तर असणारच, श्रावण-भाद्रपदातलं बाळंतपण आहे. पण पावसाचं मी एका वाक्यात उरकणार आहे.