इटलीवर रागावलेला प्रवासी

इटलीला निघणाऱ्या प्रवाशाला स्तुतीची शिदोरी घरूनच बांधून मिळते. रोमचे भग्नावशेष, फ्लॉरेन्समधील चित्रे, व्हेनिसचे जलमार्ग यांची वर्णने ऐकून तो निघतो आणि परतल्यावर पुष्कळदा निराळेच सांगतो. गर्दी असह्य, खिसेकापूंचा सुळसुळाट, उपाहारगृहात नुसते बसण्याचेही पैसे! हे ऐकून इटलीचे चाहते दुखावतात, समदुःखी माना डोलावतात आणि वाद पेटतो. हा वाद आजकालचा नाही. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी एका प्रवाशाच्या कडवट मतावरून तो लंडनमध्ये छापील ग्रंथांतून रंगला होता. त्याचा जो शेवट झाला, तो त्या वेळी कोणाही पक्षाच्या ध्यानीमनी नव्हता.

तो प्रवासी म्हणजे टोबायस स्मॉलेट, स्कॉटलंडमध्ये जन्मलेला वैद्य आणि नामवंत कादंबरीकार. १७६३ साली त्याची एकुलती एक कन्या ऐन पंधराव्या वर्षी निवर्तली. त्याची स्वतःची प्रकृती छातीच्या विकाराने ढासळली होती आणि राजकीय नियतकालिक चालवताना ओढवून घेतलेल्या वैरांनी मन विटले होते. त्याच वर्षीच्या जून महिन्यात पत्नीला घेऊन त्याने इंग्लंड सोडले. फ्रान्स ओलांडून तो त्या काळी सार्डिनियाच्या राज्यात असलेल्या नीस नगरात राहिला. १७६४च्या शरद ऋतूत किनाऱ्याकिनाऱ्याने होडीतून जिनोआ गाठून पुढे पिसा, फ्लॉरेन्स आणि रोम पाहून तो परतला. या प्रवासाची पत्रे १७६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाली.

त्या पत्रांत तक्रारींना तोटा नाही. धर्मशाळा घाणेरड्या, अंथरुणे किड्यांनी भरलेली, जेवण बेचव आणि बिल मात्र दामदुप्पट. घोडे बदलण्याच्या ठाण्यांवर अडवणूक, गाडीवानांशी रोजची हुज्जत. एके रात्री तर फ्लॉरेन्सच्या तटाबाहेर पत्नीसह चिखल तुडवीत जावे लागले. अशा मनःस्थितीत तो रोममधील पॅन्थिऑनसमोर उभा राहिला आणि निराश झाला. कोंबड्यांच्या झुंजी लावण्याचे, वरून उघडे असलेले एखादे प्रचंड आवार असावे, तशी ती वास्तू त्याला भासली.

ज्या वास्तूविषयी हे उद्गार निघाले ती सम्राट हेड्रियनच्या काळी, इसवी सन १२६च्या सुमारास पूर्ण झाली. तिच्या घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही सुमारे ४३.३ मीटर आहेत. लोखंडी सळ्यांचा आधार नसलेला काँक्रीटचा इतका मोठा घुमट जगात दुसरा नाही. माथ्यावर सुमारे ९ मीटर व्यासाचे गोल छिद्र आहे. त्यातून येणारा सूर्यप्रकाशाचा झोत दिवसभर भिंतीवरून सरकत राहतो, आणि पाऊस आत आला तर फरशीतील छिद्रांतून पाणी वाहून जाते. स्मॉलेटला वर उघडे छत दिसले ते खरेच होते. त्या उघडेपणाचे प्रयोजन मात्र त्याच्या नजरेतून निसटले.

उत्तर देण्यास दोघे पुढे सरसावले. पहिला लॉरेन्स स्टर्न. हा धर्मोपदेशक आणि लेखक स्वतः क्षयाने पछाडलेला होता आणि तोही १७६५-६६ मध्ये इटलीत फिरून आला होता. १७६८च्या फेब्रुवारीत निघालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने स्मॉलेटला ‘स्मेलफंगस’ असे विडंबनात्मक नाव दिले. काविळीच्या डोळ्यांना सारे पिवळे दिसते ही मराठी म्हण त्याच्या आक्षेपाचे सार सांगते. या गृहस्थाने प्रवासाचे वर्णन केलेच नाही, आपल्या दुखण्याचे केले, असा त्याचा रोख होता. विनोद मार्मिक होता, तरी त्यात एक निष्ठुरता होती, कारण ज्याची थट्टा केली त्याच्या काविळीमागे एका मुलीचा मृत्यू होता. ग्रंथ निघाल्यावर महिन्याच्या आतच स्टर्ननेही जगाचा निरोप घेतला.

दुसरे उत्तर अधिक विचारपूर्वक आले, मात्र ते दुसऱ्या एका तक्रारखोराला उद्देशून होते. सॅम्युएल शार्प या लंडनच्या शल्यचिकित्सकानेही १७६६ मध्येच इटलीवरील पत्रे छापून तेथील लोकांच्या चालीरीतींवर कोरडे ओढले होते. त्याला जुझेप्पे बारेत्ती याने १७६८ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ लिहून उत्तर दिले. बारेत्ती मूळचा तुरीनचा, लंडनमध्ये स्थायिक झालेला, इटालियन-इंग्रजी शब्दकोशाचा कर्ता आणि डॉक्टर जॉन्सनचा स्नेही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते: ज्याला भाषा येत नाही, जो आजारी आहे, जो घाईने गावांमागून गावे मागे टाकतो आणि ज्याचा संबंध केवळ धर्मशाळेचा मालक व गाडीवान यांच्याशीच येतो, त्याने एका संपूर्ण राष्ट्राच्या शीलावर निकाल द्यावा हे न्याय्य नाही. शार्पने प्रत्युत्तर छापले, बारेत्तीने त्यालाही उत्तर दिले.

मौज अशी की, याच बारेत्तीने काही वर्षांपूर्वी आपल्या भावांना लिहिलेल्या पत्रांत पोर्तुगालविषयी इतके बोचरे लिहिले होते की पोर्तुगीज वकिलाने हरकत घेतल्यामुळे मिलानमधील त्यांचे प्रकाशन थांबले. परक्या देशातून जाताना जीभ सैल सुटते आणि स्वतःच्या देशाविषयी तसेच कोणी बोलले की न्यायबुद्धी जागी होते, हे त्या विद्वानालाही चुकले नाही.

आज धर्मशाळांच्या जागी हॉटेले आली, घोड्यांच्या जागी आगगाड्या आल्या. तक्रारी मात्र त्याच वळणाच्या आहेत. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून, ठरावीक दिवशी, मुक्काम न करता येणाऱ्या प्रवाशांवर ५ युरोंचे प्रवेशशुल्क लावले. पॅन्थिऑनमध्येही जुलै २०२३ मध्ये ५ युरोंचे तिकीट सुरू झाले. उपाहारगृहाच्या बिलात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी आकारणी असते. तीच कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त आणि टेबलाशी बसून घेतली तर महाग पडते. शाकाहारी कुटुंबाची अडचण आणखी निराळी. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरूनच करण्याचा नियम आहे, तेव्हा भाजी घातलेला पास्तादेखील विचारल्याशिवाय घेता येत नाही.

यांतील एकही गोष्ट खोटी नाही. परंतु व्यापारी घराण्यातील माणसाला नोंद आणि बेरीज यांतील भेद सांगावा लागत नाही. एखाद्या व्यवहारात तोटा झाला तर तो वहीत लिहिलाच पाहिजे. पण त्या एका नोंदीवरून समोरच्या पेढीची पत ठरवीत नाहीत. दहा दिवसांत पाच शहरे पाहणाऱ्याची गाठ मुख्यतः त्याच्याकडून पैसे घेणाऱ्यांशीच पडते. दागिन्यांच्या यंत्रांसाठी व्हिचेन्झाच्या सुवर्ण प्रदर्शनाला किंवा संगमरवरासाठी कराराला वर्षानुवर्षे जाणाऱ्या व्यापाऱ्याला त्याच देशात कारागीर भेटतात, त्यांची घरे भेटतात, दिलेला शब्द पाळणारी माणसे भेटतात. अन्नाचेही तसेच आहे. जिनोआच्या गल्ल्यांत ‘फारिनाता’ मिळते. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्हचे तेल आणि मीठ एवढेच घालून भट्टीत भाजलेले हे जणू बेसनाचे धिरडेच. मूळ कृतीत कांदा नाही, लसूण नाही, अंडे नाही. नीसमध्ये त्याला ‘सोक्का’ म्हणतात, लिव्होर्नोत ‘तोर्ता’. सहल कंपनीच्या ठरलेल्या जेवणात ते सहसा येत नाही. विचारीत फिरणाऱ्याला ते सापडते.

स्मॉलेटचा हिशेबही याच रीतीने तपासला तर एक गोष्ट लक्षात येते. नीसमध्ये त्याने अनेक महिने काढले आणि त्या काळातील त्याची वही फार निराळी आहे. तेथे तो हवामानाची नियमित नोंद ठेवतो, बाजारातील जिनसांचे भाव लिहितो, ऑलिव्हची फळे कशी वेचतात आणि तेल कसे काढतात ते बारकाईने सांगतो. कुरकुर तेथेही आहे, पण डोळे उघडे आहेत. राग त्याच्या अंगी सर्वत्र सारखाच होता. कमी-जास्त होता तो केवळ मुक्कामाचा काळ.

म्हणूनच पुढची हकीकत महत्त्वाची ठरते. १७६८च्या शरदात, म्हणजे त्याची थट्टा ताजी असतानाच, प्रकृती साफ खचलेला स्मॉलेट पुन्हा इंग्लंडबाहेर पडला आणि गेला तो इटलीतच. प्रथम पिसा आणि मग लिव्होर्नो बंदराजवळ मोन्ते नेरो टेकडीच्या उतारावर, समुद्राकडे तोंड केलेल्या घरात त्याने बिऱ्हाड केले. लिव्होर्नो हे व्यापाऱ्यांचे नगर. मेदिची घराण्याने १५९१ आणि १५९३ मध्ये सनदा देऊन देशोदेशींच्या व्यापाऱ्यांना तेथे बोलावले होते. त्या शतकात तेथील ज्यू पेढ्या भूमध्य समुद्रातील पोवळी लिस्बनमार्गे गोव्याला पाठवीत आणि गोव्याच्या हिंदू व्यापाऱ्यांकडून मोबदल्यात हिरे मागवीत. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांचा हा विश्वास पत्रांवर आणि अनेक वर्षांच्या चोख व्यवहारावर उभा होता.

त्या टेकडीवर स्मॉलेटने आपली शेवटची कादंबरी, ‘हम्फ्री क्लिंकर’, पूर्ण केली. एक आजारी, चिडखोर पण मनाने हळवा काका आपल्या परिवारासह प्रवासाला निघतो आणि त्याच्यासह पाच माणसे आपापली पत्रे लिहितात. बाथ नगर काकांना गोंगाटाचे आणि दुर्गंधीचे आगर वाटते. त्यांच्या तरुण भाचीला तेच नगर स्वर्गासमान भासते. लेखक कोणालाही खोटे पाडत नाही. प्रवास पुढे सरकतो तशी काकांची प्रकृती सुधारते आणि त्यांची तक्रारही निवळते. ज्याच्या एकांगी मतावर सारे तुटून पडले होते, त्यानेच एका गावाच्या अनेक बाजू शेजारी शेजारी मांडून दाखवल्या, आणि त्याही इटलीत बसून.

ही कादंबरी जून १७७१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १७ सप्टेंबर रोजी स्मॉलेट तेथेच निवर्तला. इटलीविषयीचे आपले पहिले पुस्तक त्याने कधी मागे घेतले नाही. लिव्होर्नोच्या जुन्या इंग्रजी दफनभूमीत, परमुलखात आयुष्य काढलेल्या व्यापाऱ्यांच्या आणि दर्यावर्दींच्या सोबतीने त्याची समाधी आहे.