शून्य ते शंभर

सिरोंच्यात नेट येतं-जातं. आलं की मी गाड्यांचे आकडे वाचतो. त्यातही जीव अडकलाय तो पुढच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्टी कूपेंमध्ये. दोन दारं, मागे उतरत गेलेलं छप्पर, जमिनीलगत बसलेली बॉडी. आमच्या घरी अशी गाडी कुणी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. मामा काळी-पिवळी चालवतो, तीच आमची मोटार.

माझी सगळ्यात लाडकी म्हणजे सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, दोन सीटची, फायबरग्लासच्या बॉडीची. आत रेनोचं 1,149 सीसीचं पेट्रोल इंजिन, ताकद जेमतेम 60 हॉर्सपॉवर. आकडा किरकोळ, पण अशा छोट्या गाडीत तो पुरतो. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढेच असल्याने मागच्या चाकांपर्यंत लांब शाफ्ट न्यावा लागत नाही. वजन वाचतं, जागाही वाचते.

याच मांडणीचं दुसरं टोक म्हणजे 1995 ची होंडा इंटेग्रा टाइप आर. 1,797 सीसी, टर्बो नाही, तरी जपानी मॉडेलमध्ये 8,000 आरपीएमला 200 हॉर्सपॉवर. पण पुढच्याच चाकांनी ओढायचं आणि वळायचंही त्यांनीच. जोरात वेग घेतला की भार मागे सरकतो, पुढची चाकं हलकी होऊन घसरतात. साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक घसरलं की ते नुसतंच फिरत राहतं आणि पकड असलेल्या चाकालाही जोर मिळत नाही. म्हणून होंडाने तिथे लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल बसवलं.

हे मला वाचून माहीत होतं. कळलं ते तीन पावसाळ्यांपूर्वी.

आक्काला रात्री कळा सुरू झाल्या आणि अहेरीला न्यायचं ठरलं. सिरोंचा ते आलापल्ली साधारण 100 किलोमीटर, अहेरी तिथून जवळच. जिमलगट्ट्याच्या अलीकडे जीप रुतली. मागचं डावं चाक चिखलात गरगर फिरत होतं आणि उजवं जागच्या जागी उभं. वाचलेलं सगळं टॉर्चच्या उजेडात समोर दिसत होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मामाने सागाच्या फांद्या तोडून चाकाखाली घातल्या, आम्ही मागून रेटा दिला. मागच्या सीटवर आई आक्काचा हात धरून बसली होती. अहेरीला पोचायला साडेपाच तास लागले. पहाटे मुलगी झाली, दोघी सुखरूप.

गाड्यांच्या परीक्षणात शून्य ते शंभर म्हणजे थांबलेली गाडी किती सेकंदांत ताशी 100 चा वेग घेते. आमच्याकडे शून्य ते शंभर म्हणजे आलापल्ली, आणि ते तासांत मोजतात. मामाला एकदा ताशी शंभरचं विचारलं तर म्हणाला, "अरे, चौथा गिअर टाकायला रस्ता कुठे आहे?"

ती चाचणी कोरड्या, सपाट, सरळ डांबरावर घेतात. हे इतकं गृहीत असतं की तक्त्यात कुणी वेगळं लिहीतही नाही. हॉर्सपॉवर गाडीची असते, पण ती वापरू देतो रस्ता. गोदावरीवरच्या पुलावर चढलो की मामाचीच जीप निराळी वाटते. इंजिन तेच, ड्रायव्हर तोच. तो पूल तेलंगणात उतरतो, आणि इथले बरेच पेशंट आता तिकडेच, वरंगळकडे नेतात. नकाशात आपलं जिल्हा रुग्णालय गडचिरोलीला आहे, पण रात्री-बेरात्री लोक नकाशा बघत नाहीत, रस्ता बघतात.

छंद मी सोडलेला नाही. स्टॉर्मचे फोटो अजून फोनमध्ये आहेत, आणि त्या पुलावर ती एकदा चालवायची फार इच्छा आहे. 60 हॉर्सपॉवर तिथे पुरून उरतील. मात्र मित्राने नव्या गाडीचा शून्य ते शंभरचा आकडा पाठवला की मी आधी विचारतो, कुठल्या रस्त्यावर? पुण्यातली पोरं हसतात. इथली हसत नाहीत.