दोर आणि सुटका

समुद्रापासून दूर, सोलापूरच्या कोरड्या मुलुखात वाढलेल्या माणसाने, पतंगाला स्वतःस बांधून घेऊन लाटांवरून धावण्याच्या खेळाविषयी काही लिहावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु पतंग म्हणजे अखेर कापड आणि दोर, आणि १८७७ साली मोरारजी गोकुळदासांची गिरणी येथे उभी राहिली त्याच्याही आधीपासून आमच्या शहराची उपजीविका आणि इभ्रत सुताकापडावरच पोसली गेली आहे.

माझ्या बाल्यातला पतंग माळवदावरून उडे. पूर्व भागातल्या मागवाल्यांच्या घरून उरलेले सूत मिळे; त्यांच्याच ताण्यासाठी शिजवलेली खळ वाटीभर मागून आणून, तिच्यात वस्त्रगाळ काच आणि रंग कालवून आम्ही मांजा करीत असू आणि तो आसारीवर गुंडाळीत असू. त्या सुती दोऱ्याचा मोठा गुण असा, की तो वेळेला तुटे. वारा आवाक्याबाहेर गेला म्हणजे पतंग जाई, पण बोट शाबूत राही. पुढे नायलॉनचा मांजा आला. तुटत नाही, हीच त्याची ख्याती. आणि त्या न तुटण्यापायी पाखरांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे चिरले जाऊ लागले, तेव्हा २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाला त्याविरुद्ध देशभर मनाईहुकूम काढावा लागला. नवे ते अधिक चांगले, हे मी तेव्हापासून मानीत नाही.

जुन्याचा कैवार मात्र माझ्या पुतण्याने मला घेऊ दिला नाही. तो गोव्यात नोकरीस असतो आणि दुपारचा वारा सुटला, की मोरजीच्या किनाऱ्यावर काइटबोर्डिंग करतो. गेल्या सुटीत त्याने दोन वापरलेले पतंग घरी आणले. एक कोणा वयस्क खेळाडूने फुकट दिलेला, फार जुना, आणि दुसरा चारपाच वर्षांचा, विकत घ्यायचा की नाही याचा निर्णय व्हायचा होता. नव्या कोऱ्याची किंमत त्याच्या पगाराला झेपणारी नव्हती. ‘‘काका, कापडातलं तुम्हाला कळतं, तुम्हीच हात लावून सांगा,’’ असे म्हणून त्याने दोन्ही दिवाणखान्यात पसरले.

पॉलिस्टरचे ते कापड चौकटीच्या विणीचे असते. ठरावीक अंतरावर जाड धागा घातलेला असल्यामुळे फाटलेले भोक पुढे सरकत नाही. फुकट मिळालेल्या पतंगाचे कापड अंधारात घडी करून ठेवल्यामुळे अद्याप करकरीत होते, चिमटीत धरून चोळले की कुरकुरे, आणि उजेडासमोर धरले असता सुईच्या अग्राएवढेही छिद्र दिसेना. दुसऱ्याची मागची कड वाऱ्यात फडफडून मऊ पडली होती, एका पाखीवर ठिगळ होते, उन्हाने रंग विटला होता. पुढच्या नळीत हवा भरून रात्रभर ठेवली तरी दोन्ही सकाळी टणक होते. केवळ वस्त्रपारखी म्हणून माझा कौल उघडच पहिल्याच्या बाजूने जाता.

परंतु या पतंगांचा इतिहास कापडापुरता नाही. फ्रान्समधील ब्रूनो आणि डोमिनिक लेगेन्यू या बंधूंनी हवेने फुगणाऱ्या, पाण्यावर तरंगून पुन्हा उठणाऱ्या पतंगाचे पेटंट १९८४ साली मागितले. मात्र आरंभीच्या खोल कमानीच्या पतंगांत हातची दांडी सोडून दिली, तरी ओढीचा बराच अंश कमरेच्या पट्ट्यावर कायम राही. २००५ च्या सुमारास जी चपट्या कमानीची घडण रूढ झाली, तिच्यात दांडी सोडताच जवळजवळ सारा जोर ओसरतो. आणि तेवढ्यानेही भागले नाही, तर ढकलताच सुटणारी कळ असते, जिच्या चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानक २०२० साली प्रसिद्ध झाले. पहिला पतंग त्या जुन्या घडणीचा होता, आणि त्याची कळ मिठाने धरलेली, दोन्ही हातांनी दाबूनही न हलणारी.

मी ठिगळाच्या पतंगाला रुकार दिला. त्याच्या दांडी, दोऱ्या आणि कळ मात्र त्याच बनावटीच्या, त्या पतंगाला जुळणाऱ्या, पण कोऱ्याच घ्याव्यात, आणि कापडात वाचलेला पैसा तेथे खर्चावा, अशी तजवीज ठरली. पहिला दुसऱ्या कोणा होतकरू मुलाच्या गळ्यात मारायचा नाही, हेही मी पुतण्याला निक्षून सांगितले. त्याचे कापड आता उसवून ठेवले आहे. अशा विणीच्या पिशव्या मजबूत होतात, आणि आमच्या गल्लीतल्या शिंप्याने माप घेतलेही आहे.