भीमथडीची तट्टे

शिलेदार, बारगीर, पागे ही आडनावे आपल्या समाजात अद्याप नांदत आहेत. स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीस येई तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. आमच्या बोलण्यातही कुणाचे घोडे पेंड खाते, कुणाचे गंगेत न्हाते. शब्दांतले घोडे असे शाबूत असता प्रत्यक्षातले कोठे गेले, हे पाहण्यासाठी आम्ही पशुगणनेचे आकडे घेऊन बसलो.

१९५१ साली देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे १५ लाख होती. २०१२ साली ती सव्वासहा लाख भरली आणि २०१९ च्या विसाव्या गणनेत अवघी ३.४ लाख. म्हणजे शेवटच्या सात वर्षांतच उरलेल्यांपैकी जवळजवळ निम्मी गेली. मात्र ही ओहोटी सर्वत्र सारखी नाही. त्या सात वर्षांत उत्तर प्रदेशात १.५४ लाखांची ७६ हजार झाली, महाराष्ट्रात ३७ हजारांची १९ हजार. राजस्थानात घट थोडी, ३८ वरून ३४ हजार. आणि गुजरातेत चक्क वाढ, १८ वरून २२ हजार. मारवाडी, काठियावाडी आणि कच्छी-सिंधी या नामांकित जातींचे माहेर हेच दोन प्रांत. अमेरिकेतही १९१५ च्या सुमारास दोन कोटींवर घोडे होते. ट्रॅक्टर आल्यावर १९६० पर्यंत तीस लाख उरले. पुढे हौसेने पाळणारे वाढले तसे घोडेही पुन्हा वाढले. जेथे घोडा केवळ ओझे ओढीत होता, तेथे यंत्राने त्याची जागा घेतली. जेथे त्याच्यावर कुणाचा जीव जडला होता, तेथे तो तग धरून राहिला.

आमच्या शहराचा अनुभव याहून निराळा नाही. ज्या रेसिडेन्सीच्या कोठीवरून आमच्या वस्तीस नाव पडले, तिच्या देखरेखीखाली हैदराबाद कंटिंजंटचे रिसाले होते. त्यांतूनच निघालेले डेक्कन हॉर्स हे पथक १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये भाले घेऊन शत्रूवर धावून गेले. पथक आजही आहे, नावही तेच आहे. पागेच्या जागी रणगाडे आले. मनमाडकडून मीटरगेजने येऊन काचिगुड्यास उतरणारी आमच्या आजोबांची पिढी टांग्याने घरी येई. १९३२ साली निजाम सरकारने सत्तावीस बसगाड्या सुरू केल्या आणि टांग्याचे दिवस भरत आले. मलकपेठेत १८८६ पासून शर्यतीचे मैदान आहे. तेथील घोडे धनिकांचे. कोठीच्या रस्त्यावर आम्हांस आता घोडी दिसते ती वरातीतच, भाड्याने आणलेली, झुलीने मढविलेली.

या सर्वांत आम्हांस आठवते ते भीमथडीचे तट्टू. मराठ्यांच्या दौडी ज्याच्या पाठीवर झाल्या, त्या भीमेकाठच्या ठेंगण्या, काटक जनावरास कुणी शर्यतीत उतरविले नाही की वरातीत मिरविले नाही. पुणे, सातारा, सोलापूर भागांतील धनगरांनी मात्र ते सोडले नाही. मेंढरांमागे बिऱ्हाड हलवायचे तर भांडीकुंडी, कोकरे, करडे सारे त्याच्याच पाठीवर जाते. २०२३-२४ मध्ये त्याची स्वतंत्र जात म्हणून शासकीय नोंद झाली. नोंद आता झाली; ते जगले होते रोजच्या कामावर.

हे वाचताना आमचे मन आकड्यांवरून आमच्याच घराकडे वळले. आमच्या नातवंडांना गणपतीची आरती मुखोद्गत आहे, सणावारी ती मराठी बोलतातही. परंतु दुधाचा हिशेब, मित्राशी भांडण, निरोपाची चिठ्ठी यांपैकी काहीच मराठीत होत नाही. त्यांची मराठी आम्हीच वरातीच्या घोडीसारखी सजवून ठेवली आहे. हौसेनेही घोडा टिकतो, हे गुजरातने दाखविले, हे आम्ही जाणतो; पण वरातीची घोडी सायंकाळी परत करावी लागते.

गेल्या महिन्यापासून घरखर्चाची वही आम्ही नातीच्या स्वाधीन केली आहे, मराठीतच लिहिण्याच्या अटीवर. पहिल्याच पानावर तिने कोथिंबीर ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुकांसह लिहिली. आम्ही ती दुरुस्त केली नाही. आधी ओझे वाहण्याची सवय व्हावी. चाल पुढे सुधारेल.